मुंबईत कार्यक्रम करताय? आधी शेवटची वेळ ठरवा

हॉल मिळाला, कलाकारांनी तारीख दिली, आता पत्रिका छापायला टाकू, इथपर्यंत सगळ्यांचं नीट चाललेलं असतं. खरी धावपळ त्याच्या पुढे सुरू होते. मी दादर-पार्ल्याकडे मंडळांचे कार्यक्रम बघते, गाण्याच्या मैफली, दिवाळी पहाट, पुस्तक प्रकाशनं, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, आणि ज्यांना पहिल्यांदाच असं काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मुख्य सांगणं एकच, बाकी सगळं त्यातूनच निघतं. कार्यक्रम किती वाजता संपलाच पाहिजे ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत मागे या.

कारण मुंबईत शेवट आपल्या हातात नसतो. उघड्यावर असाल तर रात्री 10 ला स्पीकर बंद म्हणजे बंद. नाट्यगृहात असाल तर पुढच्या सत्राच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी येऊन लागलेला असतो आणि त्यांची नेपथ्याची माणसं विंगेत उभी राहून तुमचं आभारप्रदर्शन कधी संपतंय ते बघत असतात. आणि दोन्हीकडे प्रेक्षकांच्या डोक्यात लोकल. बदलापूर, विरार, पनवेलहून आलेला माणूस साडेनऊनंतर घड्याळ बघायला लागतो, कारण ट्रेन मिळाली तरी स्टेशनवर उतरल्यावर पुढे शेअर रिक्षा मिळायला हवी ना. समोर कितीही मोठा गायक असू दे, तो भैरवीपर्यंत थांबत नाही. आणि मागच्या रांगा अशा रिकाम्या व्हायला लागल्या की स्टेजवर बसलेल्याला ते लगेच कळतं.

तर समजा मैदानावर संध्याकाळची मैफल आहे. 10 ला आवाज बंद, म्हणजे पावणेदहाला शेवटची टाळी पडायला हवी, म्हणजे भैरवी साडेनऊच्या आत सुरू. अडीच तास गाणं आणि सुरुवातीचे वीस-पंचवीस मिनिटं दीपप्रज्वलन-सत्कार धरले तर सुरुवात पावणेसातला. गेट 6 ला उघडायचं, म्हणजे साउंड चेक साडेपाचला संपलेला, म्हणजे कलाकार 4 ला हजर, म्हणजे साउंडवाल्याची मांडणी 3 पर्यंत पूर्ण, म्हणजे त्याची गाडी दुपारी 12 ला मैदानात, म्हणजे मंडप आणि स्टेज आदल्या रात्रीच उभं. आणि मोठ्या ट्रकना शहरात गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे डेकोरेटरचा माल कधी निघणार आणि कधी पोचणार हे त्याच्याकडून आधी वदवून घ्या. हा उलटा हिशेब एका कागदावर लिहा आणि सगळ्यांना तोच कागद द्या. काही लोक पत्रिकेत मुद्दाम अर्धा तास आधीची वेळ छापतात, लोक उशिराच येतात म्हणून. असं करू नका हो. वेळेवर आलेल्या माणसाला त्याची शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तोही उशिरा येतो. 6:45 छापा आणि 6:45 ला पडदा उघडा, दोन-तीन कार्यक्रमांत लोकांना सवय लागते.

तारीख आणि जागा

तारीख काढताना पंचांग सगळेच बघतात, त्याच्या जोडीला रेल्वे आणि क्रिकेटही बघा. रविवार म्हटलं की मेगाब्लॉक आलाच. मध्य आणि हार्बरवर साधारण 11 च्या आसपास सुरू होतो तो दुपारी 4 च्या सुमारास उठतो, आणि नेमका कुठे आहे ते शेवटच्या एक-दोन दिवसांतच कळतं. रविवारी दुपारचा कार्यक्रम असेल तर शनिवारी संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर साधा मेसेज टाका, ब्लॉक अमुक ते अमुक स्टेशन, अमुक गाड्या थांबणार नाहीत, अर्धा तास आधी निघा. एवढ्या एका मेसेजने किती लोक वेळेत पोचतात ते करून बघा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, ते दोन-तीन दिवस दादर-शिवाजी पार्कचा परिसर त्यांचा असतो, तिथे आपला कार्यक्रम घेऊ नये. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन, दक्षिण मुंबईपासून वांद्र्यापर्यंतचे रस्ते सकाळी अडलेले. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर मिळत असेल आणि वार मंगळवार असेल तर सिद्धिविनायकाची गर्दी हिशेबात धरा, अंगारकी असेल तर गाडीने येणाऱ्या पाहुण्यांना तास-दीड तास जादा द्यायला सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्या काळात आई-बाबा वयाचा प्रेक्षक घरातून हलत नाही. आणि भारताची मोठी मॅच असेल तर तिच्याशी स्पर्धा करू नका.

जागा निवडताना भाड्याच्या आधी स्टेशनपासूनचं अंतर विचारा. शिवाजी मंदिर दादर स्टेशनवरून चालत, दीनानाथ पार्ल्यात पूर्वेला, यशवंत माटुंग्याला, कालिदास मुलुंडला, प्रबोधनकार ठाकरे बोरिवलीला, म्हणजे मराठी प्रेक्षक जिथे राहतो त्या प्रत्येक पट्ट्यात एकतरी नाट्यगृह आहे. तुमचा प्रेक्षक ठाणे-डोंबिवलीचा असेल तर हट्टाने दादरला आणू नका, ठाण्यात गडकरी आहे, घाणेकर आहे. आकाराचाही विचार करा. षण्मुखानंदमध्ये अडीच हजारांहून जास्त खुर्च्या आहेत, तिथे सहाशे लोक आले तरी हॉल ओस वाटतो, तेच सहाशे लोक लहान नाट्यगृहात बसले की हाऊसफुल्लचा बोर्ड लागायच्या बेतात आणि गाणाऱ्यालाही हुरूप.

हॉल बघायला जाल तेव्हा खुर्च्या आणि एसी नंतर बघा, आधी हे विचारा. सत्राच्या वेळेतच आपली मांडणी आणि आवराआवर येते का वेगळी मिळते? मागचं दार किती वाजता उघडणार? रंगपटात, म्हणजे कलाकारांच्या मेकअपच्या खोलीत, किती जण मावतात, तिथलं बाथरूम चालू आहे का? ज्येष्ठ नागरिकांना किती पायऱ्या चढाव्या लागतात, लिफ्ट आहे का, ती कार्यक्रमाच्या वेळी चालू असते का? बाहेरचं खाणं आत आणता येतं का? जनरेटर आहे का, आणि त्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण एका नाट्यगृहात मध्यंतराच्या आधी लाइट गेली, जनरेटर होता, डिझेल होतं, किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जेवायला गेलेला. त्या दिवशी गायिकेने अंधारात, माइकशिवाय, नुसत्या तबला-पेटीवर एक अभंग उचलला आणि लोक जागेवरून उठले नाहीत. प्रत्येक वेळी असा कलाकार भेटेलच असं नाही, म्हणून किल्ली विचारायची.

परवानग्या

यात कंटाळा करून चालत नाही. पहिली गोष्ट आवाजाची. देशभरात 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत, त्याप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, गणपती-नवरात्रीत मिळते ती हीच, पण आपली तारीख त्या यादीत आहे का ते यादी बघूनच ठरवा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या 100 मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्रात, म्हणजे जिथे लाउडस्पीकरला मनाई असते त्या भागात, येऊ शकतो, शिवाजी पार्क मैदानही कोर्टाने असंच शांतता क्षेत्र ठरवलं होतं. मैदानाच्या आजूबाजूला एकदा पायी फिरून या, गल्लीत एखादं छोटं नर्सिंग होम असतं ते आत गेल्याशिवाय दिसत नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी तिथे कोणीतरी आजारी माणूस झोपलेला आहे, स्पीकरचं तोंड त्या बाजूला करू नका.

दिवाळी पहाटवाल्यांनी सकाळच्या 6 ची वेळ पक्की लक्षात ठेवायची. लोक साडेपाचपासून नटूनथटून येऊन बसतात, उत्साहात कोणीतरी सनई लावायला जातो. उघड्यावर असाल तर 6 च्या आधी स्पीकर नाही. त्यामुळे साउंड चेक आदल्या संध्याकाळी 10 च्या आत उरकायचा, रात्रभर सामानावर राखण ठेवायची, साउंडच्या मिक्सरवर प्लॅस्टिक टाकायचं कारण पहाटे दव पडतं. तबलजीला आणि तानपुरेवालीला पहाटेच्या गारव्यात वाद्यं पुन्हा लावायला वेळ लागतो, तो धरा, आणि त्यांना गरम चहा आधी द्या, पाहुण्यांना नंतर.

बाकी कागद साधारण असे. मैदान पालिकेचं असेल तर वॉर्ड ऑफिस, पोलीस स्टेशनची परवानगी आणि लाउडस्पीकरची वेगळी, रस्त्यावर परिणाम होणार असेल तर ट्रॅफिक पोलीस, मंडप मोठा असेल तर अग्निशमन दलाची एनओसी आणि स्टेज-मंडपासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. तात्पुरती वीज लागणार असेल तर शहरात बेस्ट, उपनगरात बऱ्याच ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, त्यांच्याकडे अर्ज. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं, ते नाटक करणाऱ्या संस्थेकडे असतं, त्याची प्रत मागून घ्या. प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. सगळ्या परवानग्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, एक सेट गेटवर, एक स्टेजमागे, कारण रात्री पोलिसांची गाडी येते तेव्हा फाइल नेमकी सेक्रेटरीच्या घरी असते.

गाण्यांच्या हक्कांचंही बघा. स्टेजवर सिनेमातली गाणी गायली तरी गीतकार-संगीतकारांचा हक्क असतोच, त्यासाठी आयपीआरएस या त्यांच्या संस्थेकडून लायसन्स लागतं. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवणार असाल, म्हणजे मध्यंतरात किंवा नाचाच्या ट्रॅकला, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, त्याला पीपीएलसारख्या संस्थेकडे जावं लागतं, कोणतं लेबल कोणाकडे आहे ते आधी तपासा. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे बरीच जुनी नाट्यपदं आणि संतांचे अभंग मोकळे असतात, पण त्यांना दिलेली नवी चाल कोणाची तरी असते. हे पैसे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. ज्या माणसाने गाणं बांधलं त्याला त्याचा वाटा जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पैसे

थोडक्यात सांगते. हॉल, साउंड, लाइट, मानधन, छपाई, खाणं, गाड्या, परवानग्या असं सगळं मांडा आणि त्याच्यावर दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. प्रायोजकाने तोंडी कबूल केलेली रक्कम जमेत धरू नका, चेक वटला की धरा. तिकिटाचा दर 500 रुपयांपर्यंत असेल तर नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलात तर आहे, म्हणून 550 ठेवायचा विचार असेल तर आधी सीएशी बोला. पूर्ण फुकट ठेवण्यापेक्षा 50-100 रुपये का होईना ठेवा. फुकटचे पास लोक उत्साहाने नेतात आणि त्या दिवशी पाऊस पडला, पाहुणे आले, की सोडून देतात, इकडे पुढच्या रांगा रिकाम्या आणि पास न मिळालेले रसिक घरी. आणि राखीव खुर्च्यांना वेळ लावा, पहिली घंटा झाली की राखीव पाट्या निघणार, हे पासवरच छापा.

मानधनाचं पाकीट त्याच रात्री द्यायचं. तबलजी, पेटीवाले, कोरस, साउंडची पोरं, सगळ्यांचं. मुख्य गायकाला स्टेजवर शाल आणि साथीदारांना 'दोन दिवसांत ट्रान्स्फर करतो', असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि ते वाईट आहे. कलाकार रात्री कल्याणला घरी पोचतो, त्याच्या खिशात त्याचे पैसे असायला हवेत.

आवाज

प्रेक्षक वाईट खुर्ची सहन करतात, गार झालेला वडा सहन करतात, पण आवाज खराब असेल तर कार्यक्रम पडला. त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर फुलांची सजावट कमी करा, साउंडवर कापू नका. आणि साउंडवाला ठरवताना त्याच्याकडे किती मोठे स्पीकर आहेत ते विचारण्यापेक्षा त्याने बैठकीचं गाणं कधी केलंय का ते विचारा. ऑर्केस्ट्रा करणारा चांगला माणूस तबल्याच्या डग्ग्याला ढोलासारखा करून ठेवतो, त्याचा दोष नाही, त्याचा कान तसा तयार झालेला असतो.

वीज घेताना लाइटची आणि साउंडची लाइन वेगळी मागा. एकाच लाइनवर डिमर आणि मिक्सर असले की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ असा आवाज येत राहतो, आणि तो नेमका आलापात, सगळं शांत असताना ऐकू येतो. जनरेटर असेल तर नुसता चालू करून बघू नका, सगळे लाइट, एसी, साउंड पूर्ण लावून दहा मिनिटं चालवा. मिक्सर आणि लॅपटॉपला छोटा यूपीएस लावला तर लाइट गेल्या-आल्याच्या धक्क्यात सगळं पुन्हा सुरू करायची वेळ येत नाही.

साउंड चेकला क्रम ठेवा, नाहीतर सगळे एकदम वाजवायला लागतात आणि तासभर नुसता गोंधळ. आधी तबला, मग पेटी, मग तालवाद्यं-कीबोर्ड वगैरे, मग गायक, शेवटी सगळे मिळून एक अख्खं कडवं. गायकाला समोरच्या छोट्या स्पीकरमध्ये, म्हणजे मॉनिटरमध्ये, स्वतःचा आवाज आणि पेटी किती हवी ते त्यालाच विचारा आणि मिळेपर्यंत घाई करू नका. मॉनिटर नीट नसेल तर गायक जोर लावतो, अर्ध्या तासात गळा बसतो, आणि लोक म्हणतात आज काही रंगलं नाही. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं बसली की तो शोषला जातो, त्यामुळे चेकला थोडं घुमलं म्हणून सगळं कापून ठेवू नका. पहिल्या गाण्याला तुमचा एक चांगल्या कानाचा माणूस मागच्या रांगेत आणि एक बाल्कनीत बसवा, त्यांनी फोनवर साउंडवाल्याला सांगायचं.

कॉर्डलेस माइकला प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घाला, 'कालच टाकलेत' हे ऐकून घ्यायचं नाही. स्टेजवर एक वायरचा माइक स्टँडला लावून तयार ठेवा, तो राखीव. चित्रफीत दाखवायची असेल तर ती लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे, प्रत्यक्ष त्याच पडद्यावर आवाजासकट पूर्ण बघितलेली, आणि लॅपटॉपचं इंटरनेट बंद, नाहीतर श्रद्धांजलीच्या मधेच कोणाचा तरी व्हॉट्सअॅप मेसेज पडद्यावर येतो.

पहिले वीस मिनिटं

कार्यक्रम हातातून निसटतो तो बहुतेक वेळा इथे. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षांचे दोन शब्द, हे सगळं दहा-दहा मिनिटांनी लांबतं आणि पन्नास मिनिटं जातात, मग शेवटी गायकाला सांगतात 'दोन गाणी कमी करा'. लोक गाणं ऐकायला आलेत. म्हणून निवेदकाच्या हातात मिनिटांसकट कागद द्या आणि वक्त्यांना आधी, पत्रिका द्यायला जाल तेव्हाच, नम्रपणे सांगा, सर, आपल्याला चार मिनिटं आहेत. आधी सांगितलं की मोठी माणसं नक्की पाळतात. स्टेजवर चिठ्ठी पाठवणं अपमानाचं होतं.

समईचं बघा. साधी गोष्ट वाटते, पण पाहुणे काडीवर काडी ओढताहेत, वात पेटत नाही, फोटोग्राफर थांबलाय, निवेदक तिसऱ्यांदा तोच श्लोक म्हणतोय, हे दृश्य तुम्ही पण बघितलं असेल. आदल्या रात्री समई घासून घ्या, वाती तेलात रात्रभर भिजू द्या, सकाळी थोड्या वर ओढून घ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चिमूटभर कापराची पूड लावा. पडदा उघडायच्या आधी स्टेजवरचा पंखा बंद, एसीचा झोत समईवर येतोय का ते हात धरून बघा. पाहुण्यांच्या हातात काडेपेटी देऊ नका, लांब मेणबत्ती आधी पेटवून द्या, आणि एका मुलीकडे फक्त हेच काम, खिशात लायटर. समईखाली रुंद ताट ठेवा, स्टेजवर गालिचा असतो. विंगेत अग्निशामक सिलिंडर कुठे आहे ते तिला माहीत असू दे. काही हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नसते, ते आधी विचारून घ्या.

सत्काराची ट्रे क्रमाने लावायची. एका ट्रेमध्ये एकाच माणसाची शाल, श्रीफळ, पुस्तक, त्यावर नावाची चिठ्ठी. शाल अर्धी उलगडून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढत बसायला लागू नये. नावं निवेदकाला मोठ्या अक्षरात, पूर्ण, आडनावासकट, आणि कोणाच्या हस्ते ते पण. आयत्या वेळी स्टेजखालून 'यांचाही करा' अशी नावं येतात, तर दोन शाली-श्रीफळ जास्तीचे असू द्या, पण नाव वाढवायचं की नाही ते ठरवणारा माणूस एकच.

हा एकच माणूस फार महत्त्वाचा आहे. नाटकात असतो तसा रंगमंच व्यवस्थापक तुमच्याही कार्यक्रमाला हवा. तो मंडळाचा अध्यक्ष नको, त्याला पाहुण्यांबरोबर बसायचं असतं. तो विंगेत उभा राहणार, त्याच्या हातात तो उलट्या हिशेबाचा कागद, घंटा त्याच्या सांगण्यावरून होणार, पडदा त्याच्या सांगण्यावरून, आणि कार्यक्रम लांबतोय असं दिसलं तर काय गाळायचं ते आधीच गायकाशी बोलून ठरवलेलं. कुठली दोन गाणी जाऊ शकतात हे गायकाला दुपारी विचारलं तर तो आनंदाने सांगतो, रात्री नऊला विचारलं तर त्याचा मूड जातो.

गर्दी, ऊन, पाऊस

आता जे लिहितेय ते जरा गंभीरपणे वाचा. 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. श्रद्धेने आलेली माणसं होती ती. मार्च ते मे दिवसा उघड्यावर कार्यक्रम घेऊ नका, घ्यावाच लागला तर प्रत्येक माणसाच्या डोक्यावर सावली आणि हाताशी पाणी, स्टेजला मंडप आणि लोक उन्हात असं नाही. 13 मे 2024 ला वळवाच्या वाऱ्यात घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले. कमानी, एलईडी वॉल, स्पीकरचे मनोरे, सगळं वाऱ्याला आडवं उभं असतं. इंजिनिअरचं प्रमाणपत्र हा फाइलमध्ये लावायचा कागद समजू नका, त्याला प्रत्यक्ष बोलवा, आणि वारा सुटला तर पडदे-बॅनर कोण उतरवणार, लोकांना कुठे न्यायचं, हे ठरवून ठेवा.

पावसाळ्यात हॉलमध्ये असलात तरी पोर्चचा विचार करा. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबून राहिले, मागून गाड्या भरभरून माणसं येत राहिली, आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. नाट्यगृहाचा पोर्च आणि जिना तसाच असतो. कार्यक्रम सुटला, बाहेर धो धो पाऊस, पुढचे लोक छत्री उघडायला थांबले, मागचे उतरताहेत. तर पाऊस असेल तेव्हा शेवटी निवेदकाने शांतपणे सांगायचं, बाहेर पाऊस आहे, घाई नाही, बाल्कनीतल्यांनी पाच मिनिटं बसून राहावं, आणि तेवढ्यात पेटीवर एखादी धून चालू ठेवायची. पोर्चमध्ये दोन पोरं उभी करा, त्यांचं काम एवढंच, लोकांना पुढे सरकवत ठेवणं. सगळे बाहेर जायचे दरवाजे कार्यक्रमाच्या आधी स्वतः ढकलून बघा, कडी लावलेली असते, समोर खुर्च्या रचलेल्या असतात.

खुर्च्या भाड्याच्या असतील तर रांगेतल्या एकमेकींना बांधून घ्या, मधली वाट रिकामी ठेवा, 'दोन खुर्च्या टाका हो इथे' म्हणणाऱ्याला कितीही ओळखीचा असला तरी नाही सांगा. मी साधारण पन्नास माणसांमागे एक कार्यकर्ता धरते, आणि बायकांच्या स्वच्छतागृहापाशी एक मुलगी वेगळी, मध्यंतरात तिथे सगळ्यात मोठी रांग असते. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क जातं, मैदानावर चार-पाच वॉकीटॉकी भाड्याने घ्या. जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कुठलं, तिथे न्यायला गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, हे गेटवरच्या माणसाला माहीत हवं. आपला प्रेक्षक बराचसा साठीच्या पुढचा असतो, एखाद्याला चक्कर येणार हे धरूनच चला, मध्यंतर लांबला तर मधुमेह असलेल्यांना त्रास होतो, म्हणून बिस्किटांचा पुडा आणि ग्लुकोज हाताशी असू द्या.

संपल्यावर

पडदा पडला की पदाधिकारी कलाकारांबरोबर फोटो काढण्यात अडकतात, त्यामुळे आवराआवरीची टीम वेगळी ठेवा आणि त्यांना आधी जेवू घाला. रंगपट, स्टेज, प्रेक्षागृह असं फिरून विसरलेल्या वस्तू गोळा करा, छत्र्या आणि चष्मे हमखास निघतात, त्यांचा फोटो ग्रुपवर टाका. कचरा आपला आपण उचला, हॉलचा सफाईवाला रात्री दुसऱ्या सत्रासाठी धावतोय, त्याला आणि वॉचमनला जेवणाचं पॅकेट आणि थोडे पैसे हातात द्या. हॉल ताब्यात देताना तिथल्या माणसाबरोबर फिरून खुर्च्या, पडदे, माइक दाखवून वहीत त्याची सही घ्या, नंतर 'हे तुटलं होतं' निघायला नको. साउंडवाल्याला आणि मंडपवाल्याला बिल आठवड्यात द्यायला सांगा आणि आठवड्यात द्या पण. हिशेब पंधरा दिवसांत मंडळाच्या ग्रुपवर टाका, कोणी मागायच्या आधी. आणि डिपॉझिट परत मिळवायला बऱ्याच ठिकाणी मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही, तर ती पावती फाइलच्या पहिल्याच पानाला लावून ठेवा आणि अर्ज त्याच आठवड्यात टाका.